खोली रिकामी करा

मास्तरांनी पुठ्ठ्याचा आडोसा उलगडून पलंगाजवळच्या टेबलावर उभा केला, तो डगमगत नाही ना हे बोटाने ढकलून पाहिलं, आणि वळून म्हणाले,

"आता खोली रिकामी करा."

कुणीच हललं नाही. मुलगा पलंगाच्या उशाशी उभा होता, तो तिथेच राहिला. सून दारात ओले हात पुसत होती, ती पुसतच राहिली. मास्तरांबरोबर पेटी घेऊन आलेला पोलीस भिंतीवरचा जुना फोटो पाहण्यात गुंग झाला होता. फोटोत ओळीने बसलेल्या वीस-पंचवीस बायका होत्या, प्रत्येकीच्या कानाला हेडफोन, आणि समोर भोकंच भोकं असलेला उंच फळा.

"म्हणजे आम्हीपण?" मुलाने विचारलं.

"सगळ्यांनी. मीसुद्धा."

मास्तर एरवी शाळेत भूगोल शिकवत. निवडणूक आली की त्यांच्या गळ्यात हे काम पडायचं. ज्यांना मतदान केंद्रापर्यंत चालत जाणं जमत नाही, अशा म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, मतपत्रिका द्यायची आणि बंद लिफाफा पेटीत टाकून घ्यायचा. सकाळपासूनचं हे सहावं घर. आधीच्या पाचही घरांत त्यांनी हेच वाक्य म्हटलं होतं आणि पाचही घरांत लोकांनी त्यांच्याकडे असंच पाहिलं होतं, जणू ते घराचा ताबा घ्यायला आले होते.

"अहो, पण मी सोबती आहे ना तिचा," मुलगा म्हणाला. "अर्जात तसं लिहिलंय. तिचे हात थरथरतात. मी शिक्का मारून देतो. दोन मिनिटांचं काम, तुम्हालाही पुढे जायचं असेल."

"अर्ज कुणी भरला?"

"मीच. या घरात सगळं मीच भरतो."

हे मात्र अगदी खरं होतं. मुलगा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत इंजिनिअर होता आणि घरही त्याने तसंच चालवलं होतं, कुठे काही गळू द्यायचं नाही या बेताने. आईची औषधं, बायकोची दवाखान्याची वेळ, गॅलरीतल्या कुंड्यांचं पाणी, सगळं त्याच्या डोक्यात. निवडणुकीच्या आदल्या दिवशी तो जेवता जेवता सांगून टाकायचा, यंदा अमक्याला. घरात कधी वाद झाला नाही. एकमत असायचं, म्हणजे त्याचं मत असायचं. पण माणूस वाईट नव्हता हो. आईची नखं स्वतःच्या हाताने कापणारा मुलगा, त्याला वाईट कोण म्हणेल?

"त्यांना विचारलं होतं?" मास्तर म्हणाले.

"विचारायचंय काय त्यात? आई, सांग बरं यांना..."

"तुम्ही थांबा. त्या सांगतील." मास्तर पलंगाकडे वळले आणि थोडे वाकले. "आजी, मदतीला कुणी हवंय का? हवं असेल तर तुम्ही म्हणाल तो माणूस थांबेल. नको असेल तर कुणीच थांबणार नाही."

आणि मग ते उत्तराची वाट पाहत गप्प उभे राहिले.

पलंगावर बसलेल्या म्हातारीला सगळी गल्ली ऑपरेटरबाई म्हणायची. वय त्र्याऐंशी, त्यातली चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. डोकं लख्ख, आणि कान तर विचारूच नका. पण गेल्या दोन वर्षांत तिला प्रश्न विचारून कुणी उत्तरासाठी थांबलं नव्हतं. डॉक्टर 'यांना भूक लागते का' असं मुलाला विचारायचे. पाहुणे 'यांना ओळख पटते का' असं सुनेला विचारायचे, आणि तेही तिच्यासमोर, खणखणीत आवाजात. सुरुवातीला ती उत्तर द्यायची. मग तिच्या आधी दुसऱ्याचंच उत्तर पोचायला लागलं, तेव्हा तिने नाद सोडून दिला. त्यामुळे आता तोंड उघडलं तरी आधी आवाजच फुटेना.

"नको," ती म्हणाली.

"आई, अगं..."

"नको म्हटलं ना. सगळे जा."

मुलाचा चेहरा खर्रकन उतरला. तो निघाला, तेवढ्यात मास्तरांची नजर उशाकडच्या फळीवर गेली. पाण्याच्या तांब्यामागे एक पांढरी डबी होती आणि तिच्यावर हिरवा ठिपका जळत होता.

"हे काय?"

सून पहिल्यांदाच बोलली. "त्यातून इथला आवाज स्वयंपाकघरात ऐकू येतो. तान्ह्या बाळांसाठी असतं ना, तसलं." तिने कमरेला अडकवलेली दुसरी डबी दाखवली.

"दोन वर्षांपूर्वी आई पडली होती," मुलगा म्हणाला. "आतून कडी लावलेली. तासभर फरशीवर पडून होती आणि आम्ही बाहेर टीव्ही बघत होतो. खांद्याने दार फोडलं मी. तेव्हापासून कडी काढून टाकली आणि हे बसवलं."

"काळजीपोटीच केलंत," मास्तर म्हणाले. "पण आत्ता बंद करा."

सुनेने बटण दाबलं. हिरवा ठिपका विझला. ऑपरेटरबाईला त्या क्षणी इतकं बरं वाटलं, की तिची तिलाच लाज वाटली. ती डबी आली त्या दिवसापासून तिने स्वतःशी बोलणं सोडलं होतं. त्याआधी ती दिवसभर पुटपुटायची, बेसूर गाणी म्हणायची, शेजारच्या रेडिओला शिव्या घालायची, गेलेल्या नवऱ्याशी भांडायची, आणि वाटलं तर रडायचीसुद्धा. लाईन उघडी असताना माणूस कसा बोलतो आणि बंद असताना कसा, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"काही विचारायचंय, आजी?"

"किती मिनिटं?"

"म्हणजे?"

"मिनिटं किती मिळतील मला?"

परगावी लावलेल्या ट्रंक कॉलला तीन मिनिटं मिळायची. कुणाचा बाप गेलेला असायचा, कुणाचं लग्न मोडलेलं असायचं, आणि ही मध्येच घुसून सांगायची, तीन मिनिटं झाली, वाढवायची का? उभा जन्म लोकांना मिनिटं मोजून देण्यात गेला होता.

मास्तरांना हसू आलं. "मर्यादा नाही, आजी. झालं की हाक मारा. तोवर या खोलीत कुणी यायचं नाही. मी बाहेर खुर्ची टाकून बसतो. मंत्री आला तरी आत सोडणार नाही."

"आणि हा?" तिने मुलाकडे बोट केलं.

"हेसुद्धा नाहीत."

दार लागलं.

त्या दाराची आतली बाजू तिने दोन वर्षांत पाहिली नव्हती. सदान्कदा ते उघडं असायचं, भिंतीला टेकलेलं, खाली लाकडाची पाचर ठोकलेली. आता ते मिटलं तेव्हा कडीच्या जागी एक फिका चौकोन दिसला, आणि मागच्या खुंटीवर तिची निळी छत्री. ही छत्री हरवली म्हणून तिने केवढा आकांत केला होता.

"अगं बाई, तू इथे होय!" ती छत्रीला म्हणाली. चांगली मोठ्याने म्हणाली. आणि कुणी धावत आलं नाही.

समोर मतपत्रिका होती, अकरा नावं, अकरा चौकोन, बाजूला शिक्का. तिने शिक्क्याला हात लावला नाही. कुणाला मत द्यायचं ते तिचं तीन आठवड्यांपूर्वीच ठरलं होतं. कागद हातात घेतला असता तर अर्ध्या मिनिटात काम उरकलं असतं. पण काम उरकलं की दार उघडणार, हे तिच्या ध्यानात आलं होतं. मग घाई कशाला करायची? मागे उशी होती, त्या उशीला तिने पाठ टेकली आणि पाय पसरले.

दुपारचं ऊन पडद्यातून आत झिरपत होतं. पडदा पिवळा, म्हणून भिंती पिवळ्या, चादर पिवळी, तिचे हातही पिवळे. बाहेर कुठेतरी नळाखाली बादली भरत होती. तो आवाज हळूहळू लांब गेला, आणखी लांब गेला, आणि खोली रुंद व्हायला लागली. समोरची भिंत मागे सरकत सरकत इतकी लांब गेली, की तिथे एक अख्खं दालन मावलं. दालनात ओळीने बायका बसल्या होत्या. फळ्यावर बारीक दिवे लागत होते, विझत होते. मागून देखरेखीच्या मोठ्या बाई फेऱ्या मारत होत्या, त्यांच्या चपलांचा तोच जुना चटचट आवाज. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्या नव्या मुलींना उभं करून सांगितलं होतं. लाईन जोडा, दोन्हीकडे आवाज पोचतोय एवढं ऐका, आणि कळ वर करा, म्हणजे तुमचा कान बंद. त्यापुढचं बोलणं त्यांचं आहे, तुमचं नाही.

तिने चौतीस वर्षं कळ वर केली होती. फक्त एकदा घोटाळा झाला. दर गुरुवारी दुपारी चारला एक माणूस दुसऱ्या गावातल्या एका बाईला फोन लावायचा आणि दोघंही काहीच बोलायचे नाहीत. आवाज पोचतोय हे कळल्याशिवाय कळ वर कशी करायची? मग तिने विचारलं होतं, "हॅलो, आवाज येतोय का?" आणि दोन्हीकडून एकदम उत्तर आलं होतं, "येतोय." तिने कळ वर केली. पुढची तीन मिनिटं तो दिवा नुसता जळत राहिला. दर गुरुवारी, सात वर्षं. हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही.

आता त्या फळ्यावर एकच दिवा लागला होता. तिने तार उचलली, भोकात खोचली, हेडफोन नीट केला.

"हॅलो, आवाज येतोय का?"

"येतोय," पलीकडून कुणीतरी म्हणालं. आवाज तिचाच होता, पण पंचविशीतला.

मग ती बोलायला लागली. पलंगावर, पिवळ्या उजेडात, हातवारे करून, खरोखरच तोंडाने. काय बोलली ते सांगायला मी तिथे नव्हतो, आणि असतो तरी सांगितलं नसतं. ती रडली एवढं खरं. मध्ये एकदा खुदकन हसलीही.

"आई, झालं का गं?" बाहेरून मुलाचा आवाज आला.

"हाक मारायची नाही," मास्तर म्हणाले.

"अहो, वीस मिनिटं होऊन गेली! आत काही झालं असलं म्हणजे?"

"साहेब, अकरातनं एक निवडायचाय त्यांना," पोलीस म्हणाला. "माझी आई बाजारात एक टोपली घ्यायला याच्या दुप्पट वेळ लावते."

खुर्ची करकरली. मग दाराच्या फटीतून मास्तरांनी हलकेच विचारलं, "आजी, बऱ्या आहात ना? नुसतं हो म्हणा."

"हो. अजून व्हायचंय माझं."

खोटं बोलताना इतकं गोड तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. ती आणखी थोडा वेळ तशीच पडून राहिली. मग उठून बसली, पदराने तोंड पुसलं, चष्मा लावला. उजवा हात थरथरत होता, म्हणून तिने डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि शिक्का उचलला. तो बरोबर तिला हवा तिथेच उठला. कुठे, ते तुम्हीही विचारू नका.

तिने घडी घातली, लिफाफा चिकटवला आणि हाक मारली.

लिफाफा तिने स्वतःच्या हाताने पेटीत टाकला. पोलिसाने घड्याळ पाहून "पस्तीस मिनिटं" असं कौतुकाने जाहीर केलं. मास्तरांनी कागदावर सही केली, आडोशाची घडी घातली, "येतो आजी" म्हणाले आणि जिन्याकडे निघाले. मुलगा मागे रेंगाळला.

"आपलं ठरलं होतं तसंच ना?"

"पाणी दे जरा."

त्याने पाणी दिलं. ती सावकाश प्यायली.

"माझ्यापासून काय लपवायचंय, आई? मी काय परका आहे?"

त्याचा आवाज ओला झाला होता. तिला त्याची दया आली. तिने त्याचा हात हातात घेतला, कुरवाळला, पण सांगितलं नाही.

"त्यापेक्षा माझं एक ऐक," ती म्हणाली. "रोज तासभर हे दार लावून घेत जा. कडी नको, नुसतं लोटून घ्यायचं. आणि तेवढा वेळ ती डबी बंद."

"नाही."

"तासभर नको तर अर्धा तास."

"आई, नाही म्हणजे नाही. त्या दिवशी दार फुटलं नसतं तर?" तो बोलता बोलता थांबला, खांदा चोळायला लागला. "तुला इथे काय कमी आहे? सांग. आत्ता आणून देतो."

"कमी काही नाही रे."

त्याने दार पुन्हा भिंतीला टेकवलं, पायाने पाचर सरकवली आणि पाहुण्यांना पोचवायला खाली गेला. ऑपरेटरबाई पलंगावर बसून राहिली. आता पुढची निवडणूक पाच वर्षांनी, असा हिशोब तिने मनात केला, आणि आपण तोवर असू का, हेही मोजून पाहिलं.

सून आत आली. तिने तांब्या उचलला, डबीच्या बटणावर बोट ठेवलं, पण दाबलं नाही.

"आई, एक विचारू?"

आता हीसुद्धा तेच विचारणार, ऑपरेटरबाईला वाटलं.

"विचार."

"आत कसं वाटतं?"

"आत म्हणजे?"

"दार लावल्यावर. कुणी येणार नाही असं माहीत असताना."

ऑपरेटरबाईने तिच्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षं ही बाई या घरात वावरत होती. स्वयंपाकघराला दारच नव्हतं. निजायच्या खोलीचं दार सासूचा आवाज यावा म्हणून उघडं असायचं. न्हाणीघरात गेली की पाचव्या मिनिटाला कुणीतरी टकटक करायचं, झालं का गं? आणि कमरेला ती डबी, दिवसभर खरखर करणारी. दोन वर्षं ऑपरेटरबाई मनातल्या मनात हिच्यावर चिडत आली होती, ही मेली माझं सगळं ऐकते म्हणून. पण ज्याला ऐकत बसावं लागतं त्याची काय गत होते, हे चौतीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेल्या बाईला आधी कळायला नको होतं का? तिला स्वतःचा भयंकर राग आला.

"बस," तिने पलंगावर थोपटलं.

"बसायचं नव्हतं मला." सून खाली पाहू लागली. "म्हणजे, बसायचंच होतं. पण एकटीला..."

"माझी काठी दे. आणि हात दे."

"आई, कुठे निघालात? हे येतील एवढ्यात."

"येऊ दे की."

पलंगापासून दारापर्यंत आठ पावलं होती. त्यांना बराच वेळ लागला. बाहेर मास्तरांची खुर्ची तशीच होती. ऑपरेटरबाई तिच्यात टेकली, धाप लागली होती ती ओसरू दिली, आणि हात पुढे केला.

"ती कमरेची डबी दे इकडे. हं. आता पाचर काढ, आत जा आणि दार लाव."

सून तिथेच उभी राहिली. तिने एकदा जिन्याकडे पाहिलं. मग ती आत गेली. दार अगदी हळू लागलं, आवाजसुद्धा झाला नाही.

थोड्या वेळाने मुलगा जिना चढून वर आला आणि जागच्या जागी थबकला.

"आई! तू इथे कशी आलीस? ही कुठाय?"

"आत."

"आत काय करतेय?"

"मला काय ठाऊक?"

तो दाराकडे गेला. ऑपरेटरबाईने काठी आडवी धरली. तिच्या हाताबरोबर काठीही थरथरत होती, पण खाली आली नाही.

"तुझं काही अडलंय का तिच्यावाचून?"

"अडलं असं नाही. पण दार कशाला लावलंय? बरं वाटत नाहीये का तिला?"

"ठणठणीत आहे. तू बस इथे माझ्यापाशी."

तो गोंधळून तिच्या पायाशी फरशीवर बसला. लहान असताना बसायचा तसाच. तेवढ्यात आतून आवाज आला, अगदी बारीक. दुसऱ्या कुणाला तो पलंगाचा वाटला असता, पण ऑपरेटरबाईच्या कानाने तो ऐकला आणि हुंदका आहे हे ओळखलं. मुलाने मान वळवली. तो कान देऊन ऐकायला लागला.

"काय रे," ती एकदम म्हणाली. एके काळी वादळात खराब झालेल्या लाईनवर ती ओरडायची, तसा आवाज लागला तिचा. "तुमच्या त्या नव्या टाकीचं काय झालं?"

"टाकीचं?" मुलगा तिच्याकडे बघतच राहिला. आईने त्याच्या कामाबद्दल कितीतरी दिवसांत काही विचारलं नव्हतं. "अगं, विचारूच नकोस. पाया खणला आणि खाली निघाला खडक..."

"खडक? बाई बाई! मग?"

तो सांगायला लागला. ती त्याच्या डोळ्यांत डोळे घालून ऐकत होती आणि त्याचं वाक्य संपायच्या आत पुढचा प्रश्न विचारत होती, मग त्याच्या पुढचा, प्रत्येक वेळी थोडा अधिक मोठ्याने.